भित्तिपत्रक उभ्यानं वाचलं जातं: मांडणी, फॉण्ट, छपाई आणि चालू घडामोडी

कट्टेकरी

कॉलेजांत जुलै-ऑगस्टमध्ये मंडळं नव्यानं उभी राहतात आणि पहिलं काम म्हणून भित्तिपत्रक गळ्यात पडतं. विषय बहुतेक वेळा चांगले असतात, मेहनतही दिसते, तरी दुसऱ्या दिवसापासून फलकासमोर कुणी थांबत नाही. माझ्या मते याचं कारण एकच आहे. मजकूर बसून वाचायच्या हिशेबानं लिहिलेला असतो. वाचणारा मात्र उभा असतो, पाठीला सॅक असते आणि पुढच्या तासाची घंटा व्हायची असते. तो एक-दीड मिनिट देतो. त्या मिनिटाचा मान ठेवून पत्रक कसं करायचं, याबद्दल जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा.

सुरुवात मी करतो. वेगवेगळ्या कॅम्पसवर हमखास दिसणाऱ्या चुका:

फलक फार उंच लावलेला असतो. पत्रकाचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंमीवर हवा. ११० ते १८० सेंमी हा पट्टा आरामात वाचता येतो. त्याच्या वर फक्त शीर्षक ठेवावं आणि खाली चित्र. मजकूर गुडघ्याच्या पातळीवर गेला की तो नसल्यातच जमा.

मथळ्याची पट्टी एक तृतीयांश जागा खाते. संस्थेचं नाव, बोधचिन्ह, मान्यवरांची नावं, सरस्वतीचं चित्र, 'आम्ही सहर्ष सादर करीत आहोत'. हे सगळं मिळून उंचीच्या आठव्या भागात बसवा. नावं द्यायलाच हवीत, ती तळाला द्या.

आणि ए-४ कागदावर १२ पॉइंटमध्ये टाइप केलेले निबंध ओळीनं टाचलेले असतात. १२ पॉइंटचा मजकूर हातभर अंतरावरून वाचायचा असतो. फलकासमोर माणूस मीटर-सव्वा मीटरवर उभा राहतो, आणि पुढे दोघं असतील तर त्याहून लांब.

माझं गणित असं: अंतराला २०० नं भागा, येईल तितकी अक्षराची किमान उंची. एक मीटरला ५ मिमी. मुक्ता फॉण्टात साधारण २४ पॉइंटला ती मिळते, पण आकड्यावर विसंबू नका. एक ओळ छापून शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत फूटपट्टी लावा, कारण त्याच पॉइंटला प्रत्येक फॉण्ट वेगळा मोठा दिसतो. एका ए-१ कागदावर (५९४ × ८४१ मिमी) या मापानं चित्र धरून ३५० ते ४०० शब्द नीट बसतात. लेखकाला आधी ही मर्यादा सांगा. हजार शब्दांचा लेख आला की मांडणी करणारा टाइप लहान करतो, आणि पत्रक तिथंच संपतं.

खिळेजुळारी

उत्तम धागा. मी फक्त अक्षरजुळणीबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त घोटाळे तिथं होतात.

पहिली गोष्ट, युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपी फॉण्टांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर गेला की त्याची इंग्रजी अक्षरांची भेळ होते. लेख मागवतानाच 'युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्ये' असं सांगा.

फॉण्ट: मजकुराला मुक्ता (सात वजनांत, म्हणजे रेघेच्या सात जाडींत मिळतो), शीर्षकाला बलू २. दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, मुक्त परवान्याचे. पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श मुळातच आहेत. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. काही फॉण्टांत ही रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. भाषा 'हिंदी' राहिली तर हिंदी वळणाचे ल-श दिसतात. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणूही पाहा.

एका पत्रकात दोन फॉण्ट पुरेत. फरक वजनानं आणि आकारानं दाखवा.

सॉफ्टवेअर: इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' सुरू करा. हे राहिलं की पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न जाता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरांत पाय मोडलेले दिसतात. फुकटात करायचं तर इंकस्केप किंवा स्क्रायबस १.६, दोन्हींत देवनागरी नीट जुळते. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉण्ट 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या वेगळ्या खान्यात निवडायचा असतो. वरच्या पाश्चात्त्य खान्यात निवडून काहीच बदलत नाही म्हणून लोक हैराण होतात.

तीन नियम कधीही मोडू नका:

१. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर (ट्रॅकिंग) वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

२. ओळींमधलं अंतर टाइपच्या दीडपट ठेवा, २४ पॉइंटला ३६. सॉफ्टवेअरचं 'ऑटो' बहुतेकदा इंग्रजीच्या सव्वापटीवर असतं. मग वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला आणि अनुस्वाराला टेकतो.

३. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोडा. मराठी शब्द लांब असतात, ओळीच्या शेवटी ते सहसा आपोआप तोडले जात नाहीत, त्यामुळे मध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी. ओळीत आठ ते दहा शब्द.

प्रूफवाली

खिळेजुळारी काकांशी सहमत, फक्त तिसऱ्या नियमाला एक पुरवणी. रकाना रुंद असेल, ओळीत बारा-तेरा शब्द येत असतील, तर दोन्ही कडा सरळ करूनही भगदाडं फारशी पडत नाहीत. अरुंद रकान्यात मात्र अजिबात नको.

प्रूफ पडद्यावर तपासू नका. खऱ्या आकाराचा एक तुकडा ए-४ वर छापा, भिंतीला लावा, सव्वा मीटरवर उभं राहून वाचा. पडद्यावर न दिसणाऱ्या या गोष्टी तिथं सापडतात:

'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र. फोनवर घाईत टाइप केलेल्या मजकुरात तो बऱ्याचदा रफार होऊन येतो आणि मानधन 'आचाऱ्यांना' मिळण्याऐवजी 'आचार्यांना' मिळतं. टाइप करताना ऱ, मग हलन्त, मग य.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. जुन्या फॉण्टांत ते नसतं, तिथं चौकोन उमटतो. 'ॲप', 'ॲडमिशन', 'ॲकॅडमिक' हे शब्द कॅम्पसच्या मजकुरात सारखे येतात, म्हणून शीर्षकासाठी फॉण्ट निवडताना हे अक्षर आधी टाइप करून बघा.

आकडे एकाच लिपीत ठेवा. मजकुरात '२०२४' आणि तक्त्यात इंग्रजी अंक असा मिश्र प्रकार नको.

आता चालू घडामोडींचं. बातमी भिंतीवर दोन-तीन आठवडे राहते, म्हणून 'काल', 'नुकतंच', 'येत्या सोमवारी' हे शब्द काढून टाका आणि तारीख लिहा. पत्रकाच्या कोपऱ्यात 'माहिती अमुक तारखेपर्यंतची' अशी ओळ हवीच. आकडा कुठून घेतला हे त्या आकड्याखालीच बारीक टाइपात द्या. फॉरवर्ड आलेलं चित्र हा पुरावा नाही. शासन निर्णय, राजपत्र, पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन असा मूळ कागद उघडून पाहा.

नमुना म्हणून अभिजात दर्जाचा विषय घ्या. यावरच्या पत्रकांत अभिमानाची वाक्यं भरपूर आणि माहिती एका ओळीची असते. खरी गोष्ट इतकी नेटकी आहे की तिची कालरेषाच होते: तमिळ २००४, संस्कृत २००५, कन्नड आणि तेलुगू २००८, मल्याळम २०१३, उडिया २०१४, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषांना एकत्र मंजुरी दिली. एकूण अकरा. आडवी रेघ, वर वर्षं, खाली भाषा. मराठीला फक्त वेगळा रंग. उभा वाचक वीस सेकंदांत पूर्ण चित्र घेऊन जातो, आणि दहा वर्षांची मधली रिकामी जागा बघून स्वतःच विचारात पडतो.

निळीशाई

तक्त्यांबद्दल एक कळकळीची विनंती. स्तंभालेख शून्यापासूनच सुरू करा.

जनगणनेचा विषय सध्या प्रत्येक फलकावर येणार आहे. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ मध्ये ९.६९ कोटी होती, २०११ मध्ये ११.२४ कोटी. वाढ सुमारे १६ टक्के. तुमच्या सॉफ्टवेअरनं अक्ष ९ कोटींपासून सुरू केला तर एका स्तंभाची उंची ०.६९ आणि दुसऱ्याची २.२४ होते. म्हणजे लोकसंख्या तिपटीहून वाढली असं डोळ्याला वाटतं. आकडे बरोबर असूनही पत्रक खोटं बोलतं. वाचक उभा असताना अक्षावरचे आकडे वाचत नाही, उंची बघून पुढे जातो. म्हणून हे जास्त जपायला हवं.

लाल आणि हिरवा या दोनच रंगांवर भेद ठेवू नका, काहींना तो दिसत नाही. निळा आणि नारिंगी घ्या, किंवा प्रत्येक स्तंभावर नाव लिहा. नाव लिहिलं की सूचीचा चौकोनही लागत नाही.

सह्यवाट

नकाशांवर कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं सविस्तर. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला. बारा किल्ले: महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. या विषयावर बारा फोटोंची चौकट करण्यापेक्षा एक चांगला नकाशा जास्त सांगतो, पण तो करताना तीन अडचणी येतात.

एक, जिंजी. खऱ्या प्रमाणात तो दाखवायला गेलात तर महाराष्ट्राचा भाग जवळपास निम्मा होतो आणि अकरा नावं एकमेकांवर चढतात. मुख्य नकाशा साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचाच ठेवा. खालच्या कोपऱ्यात दक्षिण भारताचा छोटा नकाशा चौकटीत द्या आणि त्यात जिंजीचा एकच ठिपका. चौकटीला ठळक रेघ हवी, नाहीतर लोकांना जिंजी कर्नाटकात वाटते.

दोन, नावांची गर्दी. साल्हेर ते सिंधुदुर्ग उत्तर-दक्षिण सुमारे ५२० किमी. नकाशा ४०० मिमी उंच धरला तर १ मिमी म्हणजे १.३ किमी. रायगड आणि राजगड यांच्यात सरळ रेषेत २५ किमीच्या आसपास, म्हणजे कागदावर फक्त २० मिमी. २४ पॉइंटमध्ये 'रायगड' हे नाव उजवीकडे लिहिलं की ते थेट राजगडाच्या ठिपक्यावर जातं. उपाय असा: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग या चौघांची नावं डावीकडे अरबी समुद्रात लिहा, तिथं जागा मोकळीच असते. रायगडाचं नाव ठिपक्याच्या डावीकडे. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा यांची उजवीकडे, देशाच्या बाजूला. तरी गर्दी वाटली तर प्रतापगडाला बारीक रेघ काढून नाव बाहेर न्या.

तीन, सीमा. नेटवर सापडेल तो भारताचा नकाशा उचलू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाचे बाह्यरेखा नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, तेच वापरा. सीमा चुकलेला नकाशा लावला की पत्रक त्याच दिवशी उतरवावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

कट्टेकरी

सह्यवाट, नकाशाचा हिशेब फारच उपयोगी. रायगड डावीकडे टाकायची युक्ती कुठल्याही दाट नकाशाला चालेल.

छपाई आणि हाताचं लेखन यावर कुणी लिहाल का? बऱ्याच मंडळांकडे एका अंकाला दोन-तीनशे रुपयांपलीकडे काही नसतं.

निळीशाई

छपाईचं मी सांगतो.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत छपाई बहुधा ए-३ किंवा १२ × १८ इंचांपर्यंत होते. त्याहून मोठं हवं तर प्लॉटरवाला (रुंद रोलवर छापणारा) शोधा. २४ इंची रोल ६१० मिमी रुंद असतो. त्यावर ए-१ बरोबर बसतं, दोन्ही बाजूंना ८ मिमी उरतात. दोन्ही बाजू २४ इंचांहून मोठ्या ठेवून डिझाइन केलंत तर ३६ इंची रोल लागतो आणि उरलेल्या कागदाचेही पैसे भरता. बजेट कमी असेल तर ए-१ ऐवजी ए-३ चे चार कागद जोडता येतात, पण लेझर प्रिंटर कडेला ४-५ मिमी कोरे सोडतो. म्हणून चार कागद एकसंध दिसण्याचा आग्रह न धरता चार स्वतंत्र रकाने म्हणून मांडा. सांधा मजकुरातून जाता कामा नये.

फाइल पीडीएफच द्या, फॉण्ट आत बसवून. दुकानात जुनं कोरलड्रॉ असेल आणि त्यांनी फाइल त्यात उघडली तर जोडाक्षरं फुटतात. शंका असेल तर अक्षरांचं आउटलाइन (अक्षरांचं चित्रात रूपांतर) करून द्या, पण मूळ फाइल जपून ठेवा. आउटलाइन झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, म्हणजे के १००. आरजीबीतला (पडद्याच्या रंगपद्धतीतला) काळा छापताना चार शाईंचा होतो आणि बारीक मात्रांच्या कडेला रंगीत सावली येते.

फोटो: ए-२ आकार १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल मागतो. वॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून साधारण १६०० पिक्सेलवर येतो, तो २७ सेंमीच्या पलीकडे ताणला की फुटतो. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

क्यूआर कोड: बाजू अंतराच्या दहाव्या भागाएवढी. ६० सेंमीवरून स्कॅन करायचा तर ६ सेंमी, आणि भोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांएवढी पांढरी जागा. मराठी नावाचा दुवा थेट टाकू नका. पत्त्यातलं देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ इंग्रजी अक्षरांत बदलतं. 'सिंधुदुर्ग' या नावात काना-मात्रा-उकार धरून दहा चिन्हं आहेत, त्याची ९० अक्षरं होतात. कोडची जाळी इतकी बारीक होते की कॉरिडॉरच्या उजेडात फोन ती पकडत नाही. आधी दुवा छोटा करा.

चकचकीत लॅमिनेशन नको. समोर खिडकी असेल तर अर्धं पत्रक आरशासारखं चमकतं. मॅट कागद, १३० ते १७० जीएसएम (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). ७० जीएसएमचा झेरॉक्स कागद पावसाळ्यात दोन दिवसांत कडांना वळतो. आणि फ्लेक्स तर नकोच. दोन आठवड्यांच्या मजकुरासाठी पीव्हीसी कशाला?

गेरू

हातानं केलेलं पत्रक अजूनही सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत जास्त थांबवणारं. अट एकच: अख्खा मजकूर हातानं लिहू नका. शीर्षक, उपशीर्षकं आणि चित्रं हातानं, मजकूर छापलेला.

शीर्षकासाठी बोरू किंवा कट निब. देवनागरीसाठी टोक इंग्रजीच्या उलट बाजूला तिरकं कापतात. दुकानात 'मराठी कट' म्हणून मागा, नाहीतर इंग्रजी कटचीच निब हातात पडते आणि जाड-बारीक रेघा चुकीच्या जागी येतात. बोरू मिळाला नाही तर आइस्क्रीमची लाकडी काडी ब्लेडनं तिरकी कापून चालते, मोठ्या शीर्षकाला तर छानच.

आखणी अशी. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, म्हणून आधी शिरोरेषा आखायची. अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाच-सहा पट: ५ मिमीचं टोक असेल तर २५ ते ३० मिमी. वर मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी प्रत्येकी निम्मी उंची मोकळी. लिहिताना आधी अक्षरं, शब्द पूर्ण झाल्यावर शिरोरेषा एका दमात. नवशिके प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी काढतात आणि शब्दाला पायऱ्या पडतात.

शाई: साधं स्केचपेन उन्हात उडतं, लाल आणि गुलाबी सगळ्यात आधी. पोस्टर कलर किंवा वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या. शाई कागदात फुटत असेल तर कागद बदला. कार्डशीटची गुळगुळीत बाजू बहुधा बरी पडते.

चिकटवायला पातळ केलेलं फेविकॉल नको, कागद ओला होऊन सुरकुततो. दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक. फलकावर लावताना वरच्या कडेला तीन पिना घट्ट, खालच्या कडेला दोन जरा सैल. दमट हवेत कागद प्रसरण पावतो. चारही बाजूंनी आवळला तर मध्ये फुगवटा येतो. कोकणात आणि मुंबईत पिनाही गंजतात आणि तांबडे डाग पडतात, प्लॅस्टिकच्या डोक्याच्या घ्या आणि महिन्यातून एकदा बदला.

प्रूफवाली

आणखी एक, विषय निवडताना. देशाच्या बातम्या फोनवर आधीच वाचून झालेल्या असतात. फलकावर अशी बातमी हवी जिचा एक धागा त्या इमारतीत येतो. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका घ्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं प्रतिनिधी गुणवत्तेवर ठरू लागले, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात खुल्या निवडणुकीची तरतूद आली. ही दोन वर्षं, परिषदेची रचना एका आकृतीत, आणि 'आपल्या कॉलेजात सध्या प्रतिनिधी कसा ठरतो' हे तीन वाक्यांत. बाजू घ्यायची गरज नाही, माहितीच पुरेशी बोलते. शेजारी कोरा कागद आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवा, लोक लिहितात.

कट्टेकरी

कोरा कागद ही फार चांगली सूचना. पेनऐवजी पेन्सिल बांधा, उभ्या कागदावर बॉलपेनची शाई उतरत नाही.

जुन्या अंकांचं काय करता? बहुतेक ठिकाणी ते टेबलाखाली गुंडाळी होऊन पडतात.

गेरू

उतरवण्याआधी, जागेवर असतानाच फोटो घ्या. दिवसा, फ्लॅश बंद. दोन मीटर मागे जाऊन फोनचा २एक्स झूम लावा, जवळून काढलं तर कडा वाकतात. एक फोटो पूर्ण पत्रकाचा, चार कोपऱ्यांचे चार, म्हणजे मजकूरही वाचता येतो. फाइलच्या नावात वर्ष-महिना-विषय. कागद ठेवायचाच असेल तर छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे पुन्हा लावताना कडा भिंतीकडे वळतात. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि करणाऱ्यांची नावं लिहा.